दाढ काढायची आहे? मग हे वाचाच!

आपली मराठी भाषा मोठी गमतीची आहे, नाही का? वर्गात मागच्या बाकावर बसून खी खी केलं, की बाई ओरडतात, "काय रे, दात काय काढतोस?" तिथं दात काढायला पैसा लागत नाही आणि काही दुखतही नाही. पण तेच दोन शब्द घरी आईच्या तोंडून आले, "उद्या संध्याकाळी दात काढायला जायचंय हं," की हसू कुठल्या कुठे पळून जातं! जिभेचं टोक पुन्हा पुन्हा त्या किडक्या दाढेशी जाऊन येतं. रात्री झोप लागत नाही. आणि शाळेत मित्र असतातच भर घालायला. "अरे, एवढी मोठ्ठी सुई असते!" "माझ्या मामाची दाढ काढताना डॉक्टरांनी म्हणे छातीवर गुडघा टेकवला होता!"

तर दोस्तांनो, गुडघाबिडघा कुणी टेकवत नाही. पण "अजिबात काही कळणार नाही, बघ तू" असं घरची मोठी माणसं सांगतात ना, तेही पुरतं खरं नाही. काही गोष्टी कळतात. काही मुळीच कळत नाहीत. कुठली कळणार आणि कुठली नाही, हे आधी माहीत असलं, तर खुर्चीत बसल्यावर निम्मी भीती आपोआप पळते. कारण त्या खुर्चीत मुलं रडतात, ती दर वेळी दुखतं म्हणून रडत नाहीत. तोंडात काय चाललंय ते दिसत नाही, समजत नाही, म्हणूनही रडतात.

खिळा नव्हे, बाज!

भिंतीत ठोकलेला खिळा आपण पकडीनं उपटतो. दातही तसाच उपटत असतील, असं तुम्हाला वाटतं ना? चूक! दात जबड्यात ठोकलेला नसतोच मुळी.

जबड्याच्या हाडात प्रत्येक दातासाठी एकेक खोबण असते. दाताचं मूळ त्या खोबणीत असतं, पण हाडाला चिकटलेलं नसतं. मूळ आणि हाड यांच्यामध्ये पाव मिलिमीटरच्या आसपास फट असते, आणि त्या फटीत हजारो बारीक धागे असतात. धाग्यांचं एक टोक मुळात, दुसरं हाडात. गावाकडची सुंभानं विणलेली बाज पाहिलीय ना? तिच्यावर झोपलेला माणूस जसा विणीवर तोललेला असतो, तसा आपला प्रत्येक दात या धाग्यांवर तोललेला असतो. म्हणून तर कडक चणा फोडताना दाताला थेट हाडाचा दणका बसत नाही. तो किंचित दबतो आणि पुन्हा जागेवर येतो. याच धाग्यांमध्ये दाब ओळखणाऱ्या नसा असतात. भातात एवढासा खडा आला, तरी दाताखाली तो लगेच कळतो की नाही? ती या नसांची करामत.

आता तुमच्या लक्षात येईल, की दात काढायचा म्हणजे हिसडा मारायचा नाहीच. हे धागे सैल करायचे आणि खोबणीचं तोंड हळूहळू रुंद करायचं. मुलांच्या जबड्याचं हाड मोठ्यांपेक्षा लवचीक असतं. त्यामुळे हे काम आजोबांच्या दाढेपेक्षा तुमच्या दाढेत बरंच सोपं जातं.

पण काढायलाच हवी का?

हा प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारा. लाजू नका. चांगला डॉक्टर दात काढायच्या आधी तो वाचवता येईल का, हेच पाहतो. कीड वरवरची असेल तर चांदी किंवा दाताच्याच रंगाचं सिमेंट भरून भागतं. कीड आत नसेपर्यंत पोचली असेल तर रूट कॅनॉल करून दात राखता येतो. दुधाच्या दातांवरही असा उपचार करतात. दाढ अगदी पोखरून गेली, मुळाशी पू झाला, हाताशी धरण्यासारखं काही उरलंच नाही, तर मात्र ती काढावी लागते. कधी खालून कायमचा दात येतो आणि दुधाचा दात हट्टी पाहुण्यासारखा जागा सोडत नाही. तेव्हाही त्याला निरोप द्यावा लागतो. आणि वाकडेतिकडे दात तारेनं सरळ करायचे असतील, तोंडात गर्दी झाली असेल, तर चांगल्या निरोगी उपदाढाही काढतात. हे ऐकून पुष्कळ पालक दचकतात, पण लोकलच्या बाकावर चौथी सीट करायची नसेल तर एकाला उठावंच लागतं!

आता थोडं आई-बाबांशी बोलू. मुलांनो, हा भाग त्यांना वाचून दाखवा.

आपल्याकडे एक वाक्य सर्रास ऐकू येतं, "दुधाचाच दात आहे, पडणारच आहे, कशाला औषध करायचं?" या वाक्यापायी किती दाढा गेल्या असतील, त्याची मोजदाद नाही! दुधाचे दात २०, कायमचे ३२, हे शाळेत शिकवतात. पण कायमची पहिली दाढ येते कशी, ते फारसं कुणी सांगत नाही. ती सुमारे सहाव्या वर्षी येते आणि अगदी चोरपावलांनी येते. तिच्यासाठी कुठलाही दुधाचा दात पडत नाही. दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे, रिकाम्या हिरडीतून ती वर येते. काही पडलं नाही, त्यामुळे नवं काही आलं हे घरात कुणाच्या ध्यानातच येत नाही. मूल पहिलीत, म्हणजे ही दाढसुद्धा दुधाचीच, असा सगळ्यांचा समज. तिच्यावर खोल खाचा असतात, त्यांत बिस्किटाचा चिखल बसतो आणि नवव्या-दहाव्या वर्षी ती काढायची पाळी येते. मग कळतं, की या जागी पुन्हा काहीही उगवणार नाही. म्हणून आजच मुलाला उजेडात बसवा, "आ" करायला सांगा आणि मागच्या दाढा मोजा. दोन्ही जबड्यांत, प्रत्येक बाजूला दुधाच्या दाढा दोनच असतात. सहा-सात वर्षांच्या मुलाच्या तोंडात त्यांच्या मागे तिसरी दिसली, की ती कायमची!

दुधाची दाढ तरी वेळेआधी गेली तर काय बिघडतं? तर तिच्या शेजारचे दात रिकाम्या जागेत झुकतात. खालून येणाऱ्या दाताची वाट अडते आणि तो मग आडवातिडवा येतो. यासाठी डॉक्टर कधी कधी तारेची एक लहानशी कडी बसवतात. ती जागा राखते. एसटीच्या सीटवर आपण खिडकीतून रुमाल टाकतो ना, तसंच हे!

बरं, चला आता खुर्चीत.

आधी ती सुई

जाण्यापूर्वी थोडं खाऊन जा. नुसती जागा बधिर करायची असेल तर पोट रिकामं नसलेलं बरं. उपाशीपोटी आणि त्यात घाबरल्यामुळे चक्कर येते. पूर्ण भूल द्यायची असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा डॉक्टर सांगतील तितका वेळ उपाशीच राहायचं. तुम्हाला एखादा आजार असेल, रोज काही औषध चालू असेल, कुठल्या औषधाची ॲलर्जी असेल, खरचटल्यावर रक्त लवकर थांबत नसेल, तर हे सगळं डॉक्टरांना पहिल्यांदा सांगायचं. आई विसरली तर तुम्ही सांगा.

दवाखान्यात शिरल्याबरोबर एक वास येतो. तो वास बहुतेक वेळा लवंगेचा असतो! लवंगेच्या तेलात युजेनॉल नावाचं द्रव्य असतं. ते दाताचा ठणका कमी करतं आणि दातात भरायच्या काही मिश्रणांत ते वापरतात. म्हणजे आजीच्या मिसळणाच्या डब्यात आणि डॉक्टरांच्या कपाटात एक औषध सारखंच आहे.

बहुतेक वेळा आधी एक्स-रे काढतात. मुळं किती, ती सरळ की वाकडी, खाली नवा दात कुठवर आलाय, हे त्यात दिसतं. मग पुष्कळ डॉक्टर हिरडीवर थोडी जेली लावतात. तिनं वरची कातडी बधिर होते. त्यानंतर येते ती, जिच्या नावानं सगळा वर्ग घाबरतो. ती सुई!

खरं सांगायचं तर टोचल्याचं थोडं कळतं. चिमटा घेतल्यासारखं, आणि औषध आत जाताना जरा ताणल्यासारखं. डॉक्टर ते औषध अगदी सावकाश सोडतात, कारण घाईनं सोडलं तर जास्त दुखतं. म्हणून वेळ लागला तर वैतागू नका, तो वेळ तुमच्यासाठीच आहे. औषधात बहुधा ॲड्रिनलिनचा अंश असतो, त्यानं दोन-चार मिनिटं छातीत धडधडल्यासारखं होऊ शकतं. थोड्याच वेळात ओठ जड वाटायला लागतो. असं वाटतं, की ओठ सुजून वडापावएवढा झालाय! आरशात पाहिलंत तर तो नेहमीएवढाच असतो.

हे होतं कसं? दात दुखतो म्हणजे नसेतून एक संदेश मेंदूकडे धावतो. नसेच्या आवरणात अतिशय लहान दारं असतात. ती उघडली की सोडियमचे विद्युतभारित कण आत शिरतात आणि त्यामुळे संदेश पुढं सरकतो. लिग्नोकेन नावाचं हे औषध ती दारं बंद करून टाकतं. दाढ तिकडे कितीही ओरडेना, मेंदूला फोनच लागत नाही!

पण एक गंमत आहे, आणि या लेखातली सगळ्यात कामाची गोष्ट हीच. दुखणं वाहून नेणाऱ्या नसा बारीक असतात, त्या लवकर बंद पडतात. दाब वाहून नेणाऱ्या नसा जाड असतात, त्या पुष्कळदा चालूच राहतात. म्हणजे दाढ काढताना दुखत नाही, पण दाबल्याचं मात्र चांगलं कळतं. ज्याला हे सांगितलेलं नसतं, त्याला तो दाब म्हणजेच दुखणं वाटतं आणि तो किंचाळतो. म्हणून सुरुवातीलाच डॉक्टरांशी एक खूण ठरवून टाका. डावा हात वर केला की थांबायचं. डॉक्टर थांबतील आणि विचारतील, "दुखतंय की दाबल्यासारखं वाटतंय?" नीट विचार करून उत्तर द्या. टोचल्यासारखं, झिणझिणी गेल्यासारखं खरंच दुखत असेल तर तसं सांगा, ते आणखी औषध देतील. मुळाशी खूप पू झालेला असेल, तर तिथं हे औषध कमी लागू पडतं. अशा वेळी काही डॉक्टर आधी पू काढून टाकतात, जरूर पडली तर औषधं देतात आणि दाढ मागाहून काढतात.

मिरवणुकीचा बँड आणि दातांची माळ

आज ही सुई नकोशी वाटते. पण ती नव्हती तेव्हा काय होतं, ऐका.

तीनशे वर्षांपूर्वी पॅरिसच्या पाँ नफ या पुलावर ग्राँ तोमा नावाचा एक धिप्पाड माणूस उभा राहून लोकांचे दात काढायचा. गर्दी जमायची ती तमाशा बघायला. दात काढणं हे जत्रेतलं काम होतं, नाहीतर न्हाव्याचं. दातात किडा असतो आणि तो दात पोखरतो, असं लोक मानत. पियेर फोशार या फ्रेंच दंतवैद्यानं १७२८ साली दातांवर मोठा ग्रंथ लिहिला आणि त्यात हा किडा खोटा ठरवला. आपण आजही 'दात किडला' म्हणतो, पण आत अळीबिळी काही नसते बरं का! आपल्या तोंडातले जंतू साखरेपासून आम्ल बनवतात, ते दात झिजवतं.

अमेरिकेत तर एडगर पार्कर नावाचे एक भलतेच दंतवैद्य होऊन गेले. ते भर रस्त्यात दात काढायचे आणि सोबत बँड ठेवायचे. रुग्ण ओरडला की बँड जोरात! म्हणजे पुढच्या माणसाला ओरडणं ऐकू येत नसे. एका दिवसात आपण ३५७ दात काढले असं ते सांगत आणि त्या दातांची माळ गळ्यात घालून मिरवत. 'वेदनारहित' अशा अर्थाचा 'पेनलेस' हा शब्द त्यांनी १९१५ साली कायद्यानं स्वतःच्या नावातच घालून घेतला.

पण खरोखर वेदनारहित दात काढण्यासाठी धडपडला तो एक वेगळाच माणूस. त्याचं नाव होरेस वेल्स. अमेरिकेतल्या हार्टफर्ड गावचा हा २९ वर्षांचा दंतवैद्य. रोज लोकांचे दात काढायचे आणि रोज त्यांच्या किंकाळ्या ऐकायच्या, याचं त्याला फार वाईट वाटे. १० डिसेंबर १८४४ च्या रात्री तो एक करमणुकीचा खेळ पाहायला गेला. हसवणारा वायू, म्हणजे नायट्रस ऑक्साइड, हुंगायला देऊन लोकांना वेड्यासारखं नाचवायचं, असा तो खेळ होता. वायू हुंगलेल्या एका माणसाचा पाय बाकावर आपटून चांगलाच सोलवटला, पण त्याला त्याचा पत्ताच नव्हता! शेजारचे सगळे हसत होते. वेल्स मात्र हसला नाही. त्याच्या डोक्यात विचार सुरू झाला, की पाय सोलवटलेला कळत नाही, तर दात काढलेला तरी कळेल का?

दुसऱ्याच दिवशी त्यानं स्वतः तो वायू हुंगला आणि जॉन रिग्ज या दंतवैद्याकडून स्वतःची दाढ काढून घेतली. आधी स्वतःवर प्रयोग, मग दुसऱ्यावर! वेदना जाणवली नाही. त्यानं मग काही रुग्णांवर तो वायू वापरला आणि जानेवारी १८४५ मध्ये तो बॉस्टनला गेला. डॉक्टर आणि विद्यार्थी यांच्यासमोर त्यानं प्रयोग केला. पण वायूची पिशवी जरा लवकर बाजूला झाली. दात निघताना रुग्ण ओरडला. झालं! "थोतांड, थोतांड!" असा ओरडा झाला आणि वेल्सची फजिती उडाली. पुढं त्या रुग्णानं सांगितलं, की आपण ओरडलो खरे, पण नेहमीसारखं दुखलं नव्हतं. पण ते ऐकायला तिथं थांबलंय कोण?

वेल्सच्या हाताखाली शिकलेला विल्यम मॉर्टन या दंतवैद्यानं पुढच्याच वर्षी, १६ ऑक्टोबर १८४६ रोजी, बॉस्टनच्या मोठ्या रुग्णालयात ईथर हुंगवलं आणि एका रुग्णाच्या मानेवरची गाठ सर्जननी काढली. रुग्ण शांत पडून होता. जगभर डंका वाजला, तो मॉर्टनच्या नावाचा. वेल्स खचला आणि १८४८ साली, अवघ्या तेहतिसाव्या वर्षी, दुःखी अवस्थेत गेला. अमेरिकेतल्या दंतवैद्यांच्या संघटनेनं १८६४ साली भुलीच्या शोधाचा मान त्याला दिला, पण तो पाहायला तो नव्हता. त्याचा वायू मात्र टिकला. आजही मोठ्या शहरांतल्या काही दवाखान्यांत घाबरणाऱ्या मुलांच्या नाकावर लहानसा मुखवटा ठेवून तो देतात.

पुढचं थोडक्यात. नुसती जागा बधिर करायची कल्पना १८८४ साली व्हिएन्नाच्या कार्ल कोलर यांनी डोळ्याच्या शस्त्रक्रियेत कोकेन वापरून दाखवली. पण कोकेनचं व्यसन लागतं. मग त्यापेक्षा बरी औषधं निघत गेली आणि १९४३ साली स्वीडनमध्ये नील्स लोफग्रेन यांनी तयार केलं ते लिग्नोकेन. तुमच्या हिरडीत जातं ते बहुधा हेच.

आपल्या देशात डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी कोलकात्याला १९२० साली पहिलं दंतवैद्यकीय महाविद्यालय सुरू केलं. नोंदणीशिवाय दंतवैद्याचा धंदा करता येणार नाही, असा कायदा १९४८ साली झाला. तरी आठवडी बाजारात चादरीवर कवळ्या मांडून बसलेला माणूस कुठं कुठं दिसतोच! त्याच्याकडे दात काढायला जायचं नाही. अवजारं उकळलेली आहेत की नाहीत, हे तिथं कोण पाहणार?

कर्र... कट्!

जागा बधिर झाली. डॉक्टर एका बोथट काडीनं हिरडी टोचून पाहतात. काही कळत नाही ना? मग ते एक लहान अवजार दात आणि हाड यांच्यामध्ये सरकवून फिरवतात. बाजेचे सुंभ सुटू लागतात! नंतर चिमटा. प्रत्येक दातासाठी त्याच्या आकाराचा निराळा चिमटा असतो, कारण खालच्या दाढेला सहसा दोन मुळं आणि वरच्या दाढेला तीन. चिमट्यात दाढ धरून डॉक्टर ती आधी खाली दाबतात, मग गालाकडे आणि जिभेकडे सावकाश हलवतात. खांब उपटायच्या आधी आपण तो हलवून हलवून खड्डा मोठा करतो ना, अगदी तस्सं.

या वेळी 'कर्र', 'कट्' असा आवाज येतो. तो भलताच मोठा वाटतो. खोलीत उभ्या असलेल्या आईला तो फारसा ऐकूही येत नाही, पण तुमच्या कानापर्यंत तो हवेतून नाही तर हाडातून येतो. कुरकुरीत पापड आपण खातो तेव्हा आपल्यालाच जास्त वाजतो, त्याचं कारणही हेच. त्या आवाजाला घाबरायचं काम नाही. या सगळ्यात दुधाच्या दाढेला पुष्कळदा एक-दोन मिनिटंच लागतात. "झालं सुद्धा?" असं विचारणारी मुलं काही कमी नसतात.

गुठळी सांभाळा!

दाढ निघाली. आता तुमचं काम सुरू होतं. डॉक्टर त्या जागी कापसाचा किंवा गॉजचा बोळा ठेवतात. तो अर्धा-पाऊण तास घट्ट दाबून धरायचा. उघडून उघडून बघायचं नाही! खड्ड्यात रक्ताची गुठळी होते, तीच जखमेवरचं झाकण. दिवसभर थुंकलात, चुळा भरल्यात, नळीनं सरबत ओढलंत, तर ती गुठळी निघून येते. मग आतलं हाड उघडं पडतं आणि दोन-तीन दिवसांनी असा ठणका लागतो, की दाढ काढतानासुद्धा तसं दुखलं नव्हतं. मुलांमध्ये असं क्वचित होतं, मोठ्यांमध्ये जास्त. म्हणून बाबांची दाढ काढली तर त्यांना सिगारेट, तंबाखूपासून लांब ठेवायची जबाबदारी तुमची.

पहिल्या दिवशी थुंकी गुलाबी दिसते. थेंबभर रक्त तोंडभर थुंकीत मिसळलं, तरी ते वाटीभर वाटतं, त्यामुळे घाबरू नका. पण बोळा बदलून, पुन्हा दाबून धरूनही रक्त वाहतच राहिलं, किंवा दोन-तीन दिवसांनी सूज उतरायच्या ऐवजी वाढली, ताप आला, तर डॉक्टरांकडे ताबडतोब जायचं.

बधिरपणा दोन ते चार तास राहतो. तेवढ्या वेळात काही मुलं गंमत म्हणून ओठ, गाल चावत बसतात. तेव्हा काही कळत नाही, पण संध्याकाळी ओठ टम्म सुजलेला! लहान भावंडाची दाढ काढली असेल तर त्याच्यावर तेवढा वेळ पहारा ठेवा. बधिरपणा उतरला की दहीभात, गार दूध, मऊ खिचडी थंड करून. आइस्क्रीम? हो, चालतं! चमच्यानं खा. कडक, गरम, तिखट त्या दिवशी नको. दुसऱ्या दिवसापासून कोमट पाण्यात मीठ घालून हलक्या चुळा भरायच्या. बाकीचे दात घासायला मात्र सुट्टी नाही.

आता तुम्हाला शेजारच्या काकू भेटतील. त्या म्हणतील, "अगं बाई, वरची दाढ काढली? डोळे अधू होतील हो!" ही समजूत घरोघर आहे आणि ती साफ चुकीची आहे. आपण पाहतो ते दृष्टीच्या नसेमुळे. दाताची नस ती नव्हेच. दाताकडून येणारी नस चेहऱ्याला स्पर्श आणि वेदना कळवते, तिचा दिसण्याशी संबंध नाही. वय वाढलं की दाढाही पडतात आणि चष्माही लागतो, तेवढ्यावरून लोकांनी ही जोडी जमवली असावी. दुसरी समजूत याहून वाईट. दात ठणकला की काही जण मिश्री किंवा तंबाखू दाबून ठेवतात. दुखणं जरा थांबल्यासारखं वाटतं, पण व्यसन लागतं ते जन्मभराचं, आणि तोंडाच्या कॅन्सरची वाट तिथूनच जाते. काही जण डोकेदुखीची गोळी हिरडीवर ठेवतात, त्यानं हिरडी भाजते.

मैदानावर दात पडला तर

वरच्या बाजेची गोष्ट इथंही उपयोगी पडते. क्रिकेटचा चेंडू लागून किंवा सायकलवरून पडून समोरचा कायमचा दात मुळासकट बाहेर आला, तर तो फेकून देऊ नका! मुळावर त्या धाग्यांच्या जिवंत पेशी चिकटलेल्या असतात. दात मुळाला हात न लावता, पांढऱ्या भागाला धरून उचला. माती लागली असेल तर दुधानं किंवा पाण्यानं हलकेच धुवा, घासू नका. जमलं तर त्याच खड्ड्यात सरळ बसवा आणि रुमाल चावून धरा. नाही जमलं तर कपभर गार दुधात ठेवा आणि तडक दातांच्या डॉक्टरांकडे पळा. अर्ध्या तासात पोचलात तर दात पुन्हा रुजण्याची आशा चांगली असते, तासाभरानंतर ती झपाट्यानं कमी होते. दुधाचा दात मात्र असा परत बसवायचा नसतो, खालच्या नव्या दाताला इजा होऊ शकते.

आणि डॉक्टरांनी काढलेली दाढ? ती मागून घ्या, बहुतेक डॉक्टर हसत हसत देतात. धुऊन उजेडात धरा. आपोआप पडलेल्या दुधाच्या दाताला मूळ जवळजवळ नसतंच. खालून येणाऱ्या दातानं वाट काढताना ते विरघळवून टाकलेलं असतं. पण वेळेआधी काढलेल्या दाढेची मुळं बघा, खेकड्याच्या नांगीसारखी फाकलेली असतात. त्या फाकेत नव्या उपदाढेचा कोंब बसलेला होता. मग किडीचा खड्डा शोधा. वर टाचणीच्या डोक्याएवढं भोक आणि आत केवढी पोकळी! एवढं सगळं पाहून झालं, की मग ती कौलावर फेका नाहीतर तुळशीत पुरा, तुमच्या आजीच्या पद्धतीप्रमाणे.